राउटरमधला सोर्स कोड कसा मागावा

‘आमचा कोड चोरला’ अशी हाकाटी झाली की मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत लगेच दोन तट पडतात. एक कंपनीला कोर्टात खेचायला निघतो, दुसरा ‘वापरतायत ना, मग कशाला ओरडता’ म्हणून त्यालाच झापतो. ज्याच्यासाठी हे चाललंय तो सोर्स कोड बाजूलाच राहतो. तो पदरात पाडून घ्यायचा असेल तर क्रम असा ठेवा. उदाहरण जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचं आणि राउटरचं घेतलं आहे. टीव्ही किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरलाही तोच क्रम चालतो.

आधी भंग झालाय का, ते ठरवा. जीपीएलखालचं सॉफ्टवेअर विकणं हा भंग नव्हे. कंपनीने त्यात बदल करून ते फक्त स्वतःच्या ऑफिसात वापरलं, तर तोही नव्हे. तयार प्रोग्रॅम ग्राहकाच्या हाती दिला आणि सोर्सची सोय ठेवली नाही, की भंग. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार सोर्स सोबत तरी द्यावा लागतो, नाहीतर ‘मागाल तेव्हा देऊ’ असं किमान ३ वर्षं टिकणारं लेखी आश्वासन. म्हणून खोक्यातले सगळे कागद आणि राउटरची सेटिंगची पानं नीट वाचा. आश्वासन सापडलं तर साधं पत्र टाकून सोर्स मागा. अजून भांडायचं कारण नाही.

नसेल तर पुरावा गोळा करा. खरेदीचं बिल जपा. कंपनीच्या साइटवरून फर्मवेअरची फाइल उतरवून घ्या, तारीख, आवृत्ती आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश लिहून ठेवा. फर्मवेअर उलगडणाऱ्या ‘बिनवॉक’ने फाइल उलगडा आणि आतल्या प्रोग्रॅमवर, त्यातला वाचता येणारा मजकूर दाखवणारं ‘स्ट्रिंग्ज’ चालवा. बिझीबॉक्स, म्हणजे अशा उपकरणांत नेहमी सापडणारा जीपीएलखालचा छोट्या आज्ञांचा संच, असेल तर बहुधा आवृत्तीच्या आकड्यासकट त्याचं नाव दिसतं. ‘मेन्यू अगदी आमच्यासारखा आहे’ हा पुरावा नाही, आणि नेमका त्याच्यावरच सर्वात जास्त आरडाओरडा होतो.

आता खरी अडचण: तो कोड कुणाचा? लिनक्सचे विकासक क्रिस्टोफ हेलविग यांनी व्हीएमवेअर या कंपनीविरुद्ध जर्मनीत दावा लावला होता. २०१६ मध्ये हॅम्बुर्गच्या कोर्टाने तो फेटाळला, कारण नेमका कोणता भाग त्यांनी लिहिला आणि तो व्हीएमवेअरच्या उत्पादनात कुठे आहे, हे पुरेसं दाखवलं गेलं नव्हतं. २०१९ मध्ये अपीलही गेलं. तेव्हा कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारं ‘गिट ब्लेम’ चालवून आपल्या ओळी आधीच वेगळ्या काढा. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे मालकाचा असतो. मग पत्र त्यानेच पाठवायला हवं. तुम्ही नुसते ग्राहक असाल तर स्वतः सोर्स मागा आणि मूळ प्रकल्पाला कळवा. ग्राहकाला परवान्याच्या जोरावर कोर्टात जाता येतं, हाच मुद्दा घेऊन सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओवर दावा लावला.

पत्र लहान असू द्या: मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, काय सापडलं, काय हवं. ‘काय हवं’मध्ये संपूर्ण सोर्स, आणि बिल्ड व इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही, असं स्पष्ट लिहा. पैशाचा विषय काढू नका. जर्मनीत कंपन्यांकडून पैसे वसूल करतो या तक्रारींवरून नेटफिल्टर या लिनक्समधल्या प्रकल्पाचे विकासक पॅट्रिक मॅकहार्डी यांना २०१६ मध्ये खुद्द नेटफिल्टरच्या मुख्य चमूने निलंबित केलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. अशा वसुलीने प्रामाणिक तक्रारदारही संशयात येतो.

मुदत ३० दिवसांची द्या. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत भंग होताच परवान्याने मिळालेला हक्क संपतो. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र पहिलीच नोटीस असेल आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तर तो परत मिळतो. लिनक्स कर्नलच्या अनेक विकासकांनी २०१७ मध्ये हीच सवलत आपल्या कोडला लागू केली.

झिप फाइल आली म्हणजे काम झालं असं नाही. ती बिल्ड करून पाहा. आवृत्ती जुळते का? नुसता कर्नल पाठवून बाकीचं गाळलंय का? लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स २००३ मध्ये दबावामुळे बाहेर आला आणि त्यावरच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं. सोर्स उपयोगी पडला म्हणून हे झालं.

महिनाभर उत्तर नाही आलं तरच जाहीर बोला. प्रकल्पातर्फे एकानेच लिहावं: तारखा, पुरावे, पाठवलेलं पत्र. कंपनीच्या कर्मचाऱ्यांची नावं नकोत. त्यानंतर वकील. बिझीबॉक्सच्या विकासकांनी मॉन्सून मल्टिमीडिया या कंपनीवर सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेत दावा लावला आणि ऑक्टोबरात तडजोड झाली, पण हेलविग यांचं प्रकरण काही वर्षं चाललं, हेही लक्षात ठेवा.

आणि कंपनीने पूर्ण सोर्स दिला, तर ज्या जागी तक्रार लिहिली होती तिथेच, तेवढ्याच ठळकपणे, ‘तक्रार मिटली’ असं लिहा.