सूचनेपासून उपक्रमापर्यंत

केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकबंधुभगिनी अनेक उपयुक्त सूचना मांडतात. परंतु पुष्कळ सूचना इतिवृत्तातच राहून जातात. ग्रामीण शिक्षकाची कल्पना कोठवर पोचू शकते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याने आपल्या पाठ्यपुस्तकांसाठी ही कल्पना स्वीकारली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कल्पना प्रथम एका शाळेत पडताळली गेली व मग विस्तारली, हा क्रम ध्यानात घ्यावा.

याकरिता केंद्राने संगणकावर व मोबाइलवर सर्वांना लिहिता येईल असा एक सामाईक तक्ता ठेवावा. ‘मुलांना सीताबर्डीचा किल्ला दाखवावा’ ही सूचना उदाहरणादाखल घेऊ.

(१) हेतू : १८१७ साली भोसले व इंग्रज यांची लढाई झाली ती टेकडी प्रत्यक्ष पाहून इतिहासाचा पाठ समजावा.

(२) शक्यता : किल्ला सैन्याच्या ताब्यात असून ठराविक राष्ट्रीय दिनीच जनतेस खुला होतो. त्या दिवशी शाळेत ध्वजवंदन असते. सबब निघण्याची वेळ, वाहन व खर्च आधी नोंदवावा.

(३) जबाबदारी : प्रत्येक कामापुढे एकाच शिक्षकाचे नाव व मुदत असावी.

(४) पडताळणी : प्रथम एका शाळेने जावे व मुलांना काय समजले ते लिहावे, मग इतरांनी ठरवावे.

जी सूचना स्वीकारता येत नाही, तिच्यापुढेही कारण अवश्य लिहावे. उत्तर न मिळालेला शिक्षक पुन्हा सहसा सूचना करीत नाही, आणि ती हानी अखेर मुलांची होय.