सरखेल कान्होजी आंग्रे : चाचे नव्हे, आरमारप्रमुख

अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोकण किनाऱ्यावर ज्यांच्या परवान्यावाचून व्यापारी जहाजास निर्धास्तपणे जाता येत नसे, त्या कान्होजी आंग्रे यांची इंग्रज व पोर्तुगीज यांनी 'चाचा' म्हणून संभावना केली. हे विशेषण कितपत न्याय्य होते, हे त्यांच्या कारकिर्दीवरूनच ठरविले पाहिजे.

दर्याचा वारसा

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात होते. त्यामुळे सागरी सेवेचा वारसा कान्होजींना घरातच लाभला. १६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर आरमाराची धुरा व 'सरखेल' हे पद त्यांच्याकडे आले. कुलाबा हे त्यांचे प्रमुख ठाणे झाले. पुढे १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने त्यांनी शाहू छत्रपतींचे स्वामित्व मान्य केले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले.

दस्तकाचा अधिकार

राज्याच्या जलमार्गावर दस्तक घेण्याची सक्ती कान्होजींनी केली. पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' नावाचा असाच परवाना इतरांवर लादीत आले होते. परकीयांनी केले ते शासन आणि किनाऱ्याच्या धन्याने केले ती चाचेगिरी, असा भेद इतिहासात टिकणारा नाही.

युद्धतंत्र

कान्होजींचा भर गुराब व गलबत यांवर होता. वारा पडला की वल्ह्यांची हलकी गलबते तोफा वाहणाऱ्या गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. तेथे शत्रूच्या तोफा कमी असत. डोलकाठ्या व शिडे निकामी झाली की सैनिक जहाजावर चढत. प्रतिकूल प्रसंगी उथळ खाड्या व जलदुर्ग यांचा आश्रय असे. १७१८ मध्ये खांदेरीवर व १७२० मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांनी केलेल्या स्वाऱ्या अयशस्वी ठरल्या. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजेही कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली त्यांच्यासोबत होती. बाजीरावांची फौज मदतीस आली, पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह केला आणि ही मोहीमही फसली.

बोध

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांच्या पुत्रांत फूट पडून कुलाबा व विजयदुर्ग असे दोन भाग झाले. तुळाजी आंग्रे व पेशवे यांच्यातील वैर विकोपास गेले. पेशव्यांशी संगनमत करून १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि तेथील आरमार जळाले. परकीयांच्या तोफांना जे साधले नव्हते, ते आपसांतील दुहीने साधून दिले.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळास 'आंग्रे' हे नाव दिले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. किनाऱ्यावरील शाळा व ग्रामपंचायती यांनी या दुर्गांचे जतन करताना हा बोधही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.