मोटारींतील माचा

घरांत पलंग मांडावयाचा तर तो कोणत्या भिंतीशीं लावावा एवढाच काय तो प्रश्न असतो. पण तोच पलंग मोटारींत बसवावयाचा, त्याच्या पोटांत सामान भरावयाचें, आणि ती मोटार डोंगरांतील कच्च्या वाटांनीं न्यावयाची, असें ठरलें म्हणजे सुतारकामांत गणित, पदार्थविज्ञान व थोडासा कायदाही येऊन मिसळतो. गेल्या वर्षीं आमच्या सुतारकामाच्या वर्गास असें एक काम करण्याचा योग आला. त्यांत आम्ही जें शिकलों, आणि विशेषतः जेथें चुकलों, तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी सातपुड्याच्या पाड्यांतून हातपंपांची दुरुस्ती करीत हिंडतात. त्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों. पंप बिघडला कीं पाड्यांतील बायांना ओढ्यांतील डबक्यावर जावें लागतें. म्हणून निरोप येतांच निघावें आणि काम संपल्यावांचून परतूं नये, हा दादांचा नियम. परंतु दिवस मावळला म्हणजे मुक्कामाची अडचण पडे. ज्यांच्या घरीं पाणीच नाहीं त्यांच्यावर पाहुणचाराचा भार घालणें दादांना रुचेना. त्यांच्यापाशीं चारही चाकांना इंजिनाची गति मिळणारी, जीपच्या जातीची एक लांब बंद गाडी आहे. जीप मूळची लढाईंतली. १९४१ पासून ती अमेरिकेच्या सैन्यासाठीं मोठ्या संख्येनें बनूं लागली, आणि पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईस तिची जुळणी सुरू केली. अशा गाड्यांत माणसें व ओझें नेण्याची सोय असते, निजण्याची नसते. ती आम्हीं करून द्यावी, अशी दादांनीं इच्छा दर्शविली.

प्रथम आम्हीं मापें घेतलीं. गाडीच्या तळापासून छतापर्यंत उंची ४६ इंच भरली. मागच्या चाकांवरील पत्र्याचे उंचवटे ९ इंच होते. दोन उंचवट्यांमधील अंतर ४० इंच, आणि त्यांच्या वर रुंदी ४८ इंच. मागचीं आसनें घडी करून ठेवल्यावर मागील दारापासून पुढील आसनाच्या पाठीपर्यंत लांबी ६२ इंच होती. माच्याखालीं १६ इंच जागा असावी, असें दादांचें म्हणणें पडलें. पण निजणाऱ्यास उठून बसतांही आलें पाहिजे. म्हणून दादांना जमिनीवर ताठ बसवून बैठकीपासून डोक्यापर्यंत मोजलें, तों तें अंतर ३४ इंच भरलें. ४६ मधून ३४ वजा जातां १२ उरले, त्यांतून गादीचे २ गेले, राहिले १०. सामानास दिलेला प्रत्येक इंच निजणाऱ्याच्या डोक्यावरून कापलेला असतो, हें या वजाबाकीनें आम्हांस शिकविलें. माच्याची उंची १० इंच ठरली. चाकांचे उंचवटेही त्याखालीं बसत असल्यामुळें वरची पूर्ण रुंदी उपयोगास आली. लांबींतील उणीव भरून काढण्यासाठीं डोक्याकडे १२ इंचांची एक फळी बिजागरीनें जोडली. रात्रीं पुढचें आसन सरकवून ती उलगडली म्हणजे लांबी ६ फूट २ इंच होते.

आतां लांकडाचा विचार. आठ फूट लांब व चार फूट रुंद असा १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तक्ता सुमारें २३ किलो भरतो; १८ मिलिमीटरचा सुमारें ३५ किलो. जाड तक्ता कमी वांकतो हें खरें, पण वजन रोज वाहावें लागतें. येथें पदार्थविज्ञानाचा एक नियम उपयोगी पडला. फळीच्या मध्यावर ठरावीक भार ठेवला असतां, तिच्या दोन आधारांतील अंतर निम्में केलें तर बाक एक-अष्टमांश होतो. तेव्हां जाडी न वाढवितां आम्हीं आधार जवळ आणले. दोन उंचवट्यांमध्यें चार उभ्या फळ्या सुमारें तेरा-तेरा इंचांवर उभ्या केल्या. त्यांनीं वरचा तक्ता तोलला, आणि मध्यें तीन खणही आपोआप तयार झाले. मधल्या खणांत मागील दारानें ओढावयाची अवजारांची पेटी, व दोन्ही बाजूंच्या खणांस वरून झांकणें, अशी योजना केली. जें रोज लागतें तें मागून हाताशीं यावें, आणि जें क्वचित् लागतें तेवढेंच अंथरुणाखालीं असावें, हा त्यांतील हेतु.

माचा फार सुबक दिसूं लागला, आणि आम्ही मनांत फुशारलों. परंतु पहिल्याच फेरींत घाट उतरतांना एक वासरूं आडवें आलें. दादांनीं ब्रेक दाबला, वासरूं वांचलें, पण सगळा माचा तीन इंच पुढें सरकला. मधला खण पुढून उघडाच होता. त्यांतून अवजारांची पेटी सुटली आणि दादांच्या आसनाच्या पाठीवर आदळली. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. पण आठ दिवस त्यांना पाना उचलवेना, आणि त्या आठ दिवसांत एका पाड्याचा पंप बंद राहिला. कोणी आम्हांस बोल लाविला नाहीं, तरी तो पंप आमच्या मनांतून गेला नाहीं.

चूक कोठें झाली? आम्हीं माचा निजण्यासाठीं रचला होता. तो चालत्या गाडींतील ओझें आहे, हें आम्ही विसरलों होतों. गाडी थांबली तरी तिच्यांतील मोकळी वस्तु मूळच्याच वेगानें पुढें जाऊं पाहते. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाऊन आदळणारी पेटी सुमारें साडेतीन मीटर उंचीवरून पडल्यासारखी लागते. वेग ६० झाला कीं ती उंची १४ मीटर होते. वेग दुप्पट केला तर आघाताची शक्ति चौपट होते, हें सूत्र आम्हीं वर्गांत पाठ केलें होतें. तें समजलें मात्र घाटांत.

मग दुरुस्तीस लागलों. खणांच्या पुढच्या तोंडांवर १८ मिलिमीटरची आडवी फळी बोल्टांनीं जखडली. गाडीच्या तळांत ओझें बांधण्याच्या चार कड्या मूळच्याच होत्या. त्यांत पट्टे ओवून माचा चारही कोंपऱ्यांशीं ताणून बांधला. पेटीस मागून कडी घातली. हादऱ्यांनीं नट ढिले होऊं नयेत म्हणून त्यांखालीं स्प्रिंगचे वॉशर घातले, आणि लांकूड पत्र्यावर वाजूं नये म्हणून मध्यें सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लाविल्या. सर्वांत जड अवजारें तळाशीं व मागच्या आंसाच्या पुढें ठेविलीं. कारण आंसाच्या मागें गेलेलें ओझें तरफेप्रमाणें पुढचीं चाकें हलकीं करतें, व मग चढावर गाडी वळविणें कठीण होतें. गाडी चालत असतां माच्यावर कोणीही बसूं अथवा निजूं नये, असा नियम मागील दाराच्या आंतून रंगानें लिहिला.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली हवेची. बंद गाडींत माणसाच्या श्वासांतील वाफ कांचांवर धरते व अंथरूण ओलें होतें. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवून त्यांस जाळी लाविली. आंत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवून, अथवा इंजिन चालूं ठेवून, कधींही निजूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य जागा होत नाहीं. दुसरी गोष्ट कायद्याची. नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं न जुळणारा फेरफार गाडींत करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तें स्पष्ट केलें आहे. म्हणून आम्हीं एकही आसन काढलें नाहीं व पत्र्यास एकही भोंक पाडलें नाहीं. पट्टे सोडले कीं माचा दोघांना पाव तासांत बाहेर काढतां येतो.

या उन्हाळ्यांत दादा एका दूरच्या पाड्यावर गेले. अंधार पडला तेव्हां काम अर्धेंच झालें होतें. ते तेथेंच गाडींत निजले, पहाटे उठले, आणि बाया हंडे घेऊन येण्याच्या आधींच पंपास पाणी आणलें. परत आल्यावर त्यांनीं आम्हांस एवढेंच सांगितलें कीं, झोंप चांगली लागली आणि पेटी जागची हलली नाहीं. आमच्या वर्गास याहून मोठें प्रशस्तिपत्र नको होतें. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही कोणासाठीं कांहीं बनवाल तेव्हां तें स्थिर असतां कसें दिसतें एवढेंच पाहून थांबूं नका. धक्का बसल्यावर तें कोणाच्या पाठीवर येईल, हेंही आधींच पाहून ठेवा.