एका नुक्त्याची चूक

‘दुआ’ आणि ‘दगा’ हे दोन शब्द उर्दू लिपीत लिहून पाहा. दोन्हींत फरक किती? फक्त एका नुक्त्याचा! पूर्वी उर्दू पुस्तके कातिब हाताने लिहीत. कातिब कितीही निष्णात असला, तरी एखादा नुक्ता राहून जाई. म्हणून छपाईपूर्वी लिहिलेला मजकूर पुन्हा तपासावा लागे.

असा एक कातिब प्रत्येक जीवाणूत असतो. जीवाणूचा सारा मजकूर डीएनए नावाच्या लांबलचक रेणूत चारच अक्षरांत लिहिलेला असतो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत अशी सुमारे ४६ लाख अक्षरे आहेत. एका जीवाणूचे दोन होताना या सगळ्याची नक्कल करावी लागते. नक्कल करणारे विकर साधारण एक लाख अक्षरांमागे एक चूक करते. त्यांतील बहुतेक चुका ते स्वतःच मागे वळून दुरुस्त करते. उरलेल्या चुका शोधण्यासाठी वेगळे तपासनीस असतात. ते तयार करणाऱ्या जनुकांची नावे म्यूट-एस, म्यूट-एल आणि म्यूट-एच अशी आहेत.

पण जुनी ओळ कोणती आणि नवी कोणती, हे तपासनिसाला कसे कळते? जुन्या धाग्यावर ठरावीक जागी मिथिल नावाच्या रासायनिक खुणा असतात. नव्या धाग्यावर त्या काही वेळ नसतात. तपासनीस बिनखुणेचा धागा कापतो आणि तेवढा भाग नव्याने लिहिला जातो. ही युक्ती उलगडणारे पॉल मॉड्रिच यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर मिळाले. ही जनुके बिघडली, तर चुकांचे प्रमाण शंभर पटींनी किंवा त्याहूनही अधिक वाढते. अशा कायम राहिलेल्या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात.

आता क्षयाच्या जीवाणूकडे वळू. त्याचा ४४ लाख अक्षरांचा मजकूर १९९८ मध्ये पूर्ण वाचला गेला. आश्चर्य म्हणजे त्यात म्यूट-एस आणि म्यूट-एल नव्हतेच! तरीही तो भरमसाट चुका करत नाही. पुढे २०१७ मध्ये त्याच्याच कुळातील एका जीवाणूत न्यूक-एस नावाचे निराळे तपासनीस जनुक सापडले. क्षयाच्या जीवाणूतही ते आहे.

तरी थोड्या चुका राहतातच. साधारण दहा लाख जीवाणूंत एखादा असा निघतो, की आयसोनियाझिड या औषधाने तो मरत नाही. रिफाम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एखादा असतो. रोग्याच्या फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जीवाणू असू शकतात. मग एकच औषध देऊन कसे भागेल? दोन्ही औषधांना पुरून उरणारा जीवाणू मात्र कोटीला कोटीने गुणावे, इतक्यांत एखादा! म्हणूनच क्षयाची औषधे एकत्र देतात.

औषधामुळेच ही चूक होते, असे तुम्हांला वाटेल. १९५२ मध्ये अमेरिकेतील जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने मखमलीचा तुकडा घेऊन याचा निकाल लावला. एका ताटलीत वाढलेल्या जीवाणूंचा ठसा त्यांनी मखमलीवर घेतला आणि तो औषध घातलेल्या अनेक ताटल्यांवर उमटवला. सगळीकडे त्याच त्याच जागचे जीवाणू वाचले. म्हणजे औषधाशी गाठ पडण्याआधीच ते तसे होते. औषधाने फक्त बाकीचे मारले.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ही गोष्ट पुस्तकापुरती राहत नाही. भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. समजा, एका मुलाच्या अब्बांना क्षय झाला. उपचार किमान सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागू लागली. मुकादमाकडून उचल घेतलेली. ट्रक दारात उभा. अब्बा म्हणाले, “आता मी बरा आहे, गोळ्या कशाला?” फडावर गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरल्या. दुबळे जीवाणू मेले. चिवट उरले आणि वाढू लागले. खोकला परतला. कोपीत शेजारी मुले झोपलेली! आता तोच चिवट जीवाणू त्यांच्या श्वासात जाऊ शकतो.

पुढची पायरी मुंबईत दिसली. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेले एकही औषध त्यांच्या जीवाणूंवर चालत नव्हते. त्यांतील तिघांना आधी निरनिराळ्या डॉक्टरांकडून अनियमित औषधे मिळाली होती. पुढे बेडाक्विलीनसारखी नवी औषधे आली; पण त्यांनाही न जुमानणारे जीवाणू आढळू लागले आहेत.

त्या अब्बांना एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. गाव सोडण्यापूर्वी आरोग्य केंद्रात कळवले, तर रोग्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. मग कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच गोळ्या मोफत मिळतात.