मूल ‘गंभीर’ आहे, हे कधी समजायचे?



बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. जगले ते एकटे यशवंतराव. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. रमाई जयंतीला आपण ही हकीकत दरवर्षी ऐकतो आणि डोळे पुसतो. त्या काळात ना आजची प्रतिजैविके होती, ना न्यूमोनियाची लस, ना ओआरएसची पुडी. आज ही तिन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरीही आपल्या वस्तीतले मूल कधीकधी दवाखान्यात उशिरा पोहोचते. रात्री दोन वाजता घरात एकच प्रश्न असतो, ‘सकाळपर्यंत थांबू या, की आत्ताच निघू या?’ त्याचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख आहे.

‘गंभीर’ म्हणजे नेमके काय?

हा प्रश्न जगभरच्या संशोधकांनाही पडला आहे. बराच काळ ‘आयसीयूत दाखल झालेले मूल म्हणजे गंभीर मूल’ असे धरले जाई. पण जिथे आयसीयूच नाही, किंवा खाट मिळाली नाही, तिथले मूल मग मोजणीतच येत नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी खाटा आणि ऑक्सिजनही मागितला जात नाही. मोजणीबाहेर राहण्याची किंमत काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने व्याख्या खाटेऐवजी रुग्णाच्या अवस्थेवर बांधली. ती तीन गोष्टींची आहे. शरीराचा महत्त्वाचा अवयव नीट काम करत नाही, उपचार न मिळाल्यास लवकरच मृत्यूचा मोठा धोका आहे, आणि उपचार मिळाल्यास रुग्ण बरा होऊ शकतो. यातली तिसरी गोष्ट पालकांनी विसरू नये. गंभीर म्हणजे संपले असे नाही. गंभीर म्हणजे अजून वेळ आहे, पण थोडा आहे.

गडचिरोलीचा धडा

ही ओळख पटवायला मोठे यंत्र लागतेच असे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत हे दाखवून दिले. तिथे मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि डॉक्टर दूर होते. त्यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना मुलाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. ज्या दाईंना पुढचे आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधन आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजायचा. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत १७.५ होते, तर या गावांत ८.१. शाळेत न गेलेली दाई जे करू शकली, ते मोबाईलवर घड्याळ असलेली आई नक्कीच करू शकते.

श्वास कसा मोजाल?

मूल शांत असताना मोजा, रडताना किंवा दूध पिताना नको. सदरा वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. वेगवान श्वास असा ओळखा:

• २ महिन्यांपेक्षा लहान: मिनिटाला ६० किंवा जास्त (दोनदा मोजून खात्री करा)
• २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त
• १ ते ५ वर्षे: ४० किंवा जास्त

श्वास वेगवान असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूल २ महिन्यांपेक्षा लहान असेल तर लगेच निघा.

एकही खूण दिसली तरी थांबू नका

• मूल दूध ओढत नाही, पाणीही पीत नाही
• घेतलेले सगळे उलटून टाकते
• झटके आले आहेत किंवा येऊन गेले आहेत
• फार मलूल आहे, हलवूनही नीट जागे होत नाही
• श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, किंवा कण्हते
• ओठ, जीभ निळसर दिसते (सावळ्या मुलात जीभ आणि तोंडाच्या आतून पाहा)
• जुलाब होत असून डोळे खोल गेले आहेत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू मागे जाते
• २ महिन्यांखालील बाळाला ताप आहे, किंवा अंग थंड पडले आहे

ताप किती, यावरच सगळे ठरवू नका. १०२ ताप असूनही खेळणाऱ्या मुलापेक्षा, ताप नसलेले पण उठत नसलेले मूल जास्त धोक्यात असू शकते.

वाटेत काय करायचे?

१०८ ला फोन करा. गाडीला उशीर होत असेल तर मिळेल त्या रिक्षाने निघा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालये आहेत. आपल्याला जवळचे कोणते, रात्री रस्ता कोणता, हे आजच ठरवून ठेवा. तान्ह्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घाला. मूल शुद्धीत असून पिऊ शकत असेल तर अंगावरचे दूध चालू ठेवा. जुलाब असतील तर ओआरएस घोट घोट द्या. झटके येत असतील तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, झटके थांबत नाहीत. नजर उतरवणे, अंगारा, बिब्बा, डागणे हे आपण २२ प्रतिज्ञांबरोबर मागे टाकले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे प्रेमाने सांगा.

दारावर कोणी ‘इथे होणार नाही, दुसरीकडे न्या’ म्हणाले, तर आधी मुलाला तपासून ऑक्सिजन वगैरे प्राथमिक उपचार करण्याचा आग्रह धरा, आणि पाठवलेच तर चिठ्ठी व रुग्णवाहिका मागा. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला पश्चिम बंगालमधील सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले, की तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. मागताना हात जोडायची गरज नाही. हा आपला हक्क आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आशाताईंना बोलवा. दहा मिनिटे काढून प्रत्येक आईने, वडिलांनी, आजीने आपल्या मांडीवरच्या मुलाचा श्वास मोजून पाहावा. वरच्या खुणा मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या दाराशी लावा. रमाईंची चार लेकरे गेली, तेव्हा अशी खूण सांगणारे आणि औषध देणारे कोणी हाताशी नव्हते. आज ते आहे. मग उशीर आपल्याकडून होऊ नये.

नमो बुद्धाय.