मद्रासमधली आजोबांची जन्मनोंद

प्रश्न : आमचे घराणे तंजावरकडचे. आजोबा 1934 च्या सुमारास मद्रासला जन्मले. त्या नोंदीची नक्कल पुण्याहून मागवता येईल?

उत्तर : जरूर प्रयत्न करा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 च्या कलम 17 नुसार नोंदवहीत शोध घ्यायला कोणीही सांगू शकते. अर्ज चेन्नई महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे करा. संकेतस्थळावर काही सापडले नाही, तरी नोंदच नाही असे समजू नका; जुन्या वहीत प्रत्यक्ष शोध घेण्याची लेखी मागणी करा.

केवळ आजोबांच्या नावावर मात्र विसंबू नका. नोंद बारशाआधी झाली असेल, तर तिथे फक्त ‘मुलगा’ आणि आईवडिलांची नावे असतील. पणजोबांचे नाव ‘राव’सह आणि ‘राव’शिवाय, शक्य तितक्या स्पेलिंगांनी लिहून द्या. नोंद जन्म झाला तिथली असते, राहत्या घराची नव्हे. म्हणून पणजी बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. तशा गेल्या असतील आणि माहेर तंजावरचे असेल, तर चेन्नईत शोधून उपयोग नाही.

जन्मनोंदीसोबत घरातल्या कोणाच्या मृत्यूचा दाखलाही मागवलात, तर त्यात मृत्यूचे कारण मिळणार नाही. कायद्यानेच ते वगळलेले असते.