धुण्याचे पाणी आणि परसबाग

मुलांनो, मोरीचे पाणी परसातील अळवाला व केळीला सोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु त्या पाण्यात काय मिसळले आहे, हे आता आधी पाहावे लागते.

धुण्याच्या बहुतेक पावडरींत सोडा असतो आणि सोड्यात सोडियम. चिकणमातीचे कण एकत्र येऊन त्यांचे रवाळ पुंजके बनतात. त्यांमधील पोकळ्यांतून पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचते. सोडियम साचला की हे पुंजके फुटतात, पोकळ्या बुजतात, वर पाणी तुंबते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी कठीण होते. आपली काळी जमीन तर चिकणमातीचीच! टाकणखारातील बोरॉनही झाडांना लेशमात्रच हवा असतो. तो अधिक झाला तर पानांच्या कडा करपतात.

मग कपडे धुवावेत तरी कशाने? रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. साल रात्रभर भिजवून कुसकरली की त्या पाण्यात रेशमी व लोकरी वस्त्रे सुरेख निघतात. तेलकट डागांपुढे मात्र रिठा दुबळा पडतो. त्यांना पोटॅशियमचा पातळ साबण बरा. पोटॅशियम हे तर झाडांचे अन्नच. असे पाणी साठवून न ठेवता त्याच दिवशी फळझाडांच्या आळ्यांत घालावे, कोथिंबिरीच्या वाफ्यावर नव्हे.